तुम्ही विचारलंत म्हणून: तसदी

सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा हिशेब टाकला की मी खाली लिहिते, 'तसदीबद्दल क्षमस्व'. लगेच कुणीतरी विचारतंच, अहो, हे तसदी काय असतं? आणि तुम्हीच का लिहिता? इतके दिवस हसून सोडून दिलं.

शब्द मुळात अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. धातूचा अर्थ चिरणं, दुभंगणं. त्यातूनच 'सुदाअ' म्हणजे डोकेदुखी आणि 'तस्दीअ' म्हणजे ती दुसऱ्याला देणं. (तस्दीक वेगळं, त्यात सिद्क, म्हणजे खरेपणा आहे.) थोडक्यात, मी 40 बिऱ्हाडांची डोकी दुखवल्याची माफी मागते. दुखवतेच, मान्य. हल्ली हा शब्द उरलाय तो तक्रारीत: 'उत्तर द्यायची तसदीही घेतली नाही.'

कॉलेजात असताना यावरून बाबांशी भांडले होते. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असले शब्द घालवायलाच ना? बाबा म्हणाले, 'बरं, तू कष्ट म्हण.' आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, तसदीशिवाय त्यांचं पत्र संपत नसे.

2014 चा पावसाळा, कोथरूडचं घर. रात्री दीडला बाबांचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. समोरच्या दारामागे काका, खाली त्यांची गाडी. मी चपला घातल्या, कडी काढली. बाबा अडखळत म्हणाले, 'त्यांना कशाला तसदी. सकाळी बघू.' आणि मी थांबले. चपला काढून जागेवर ठेवल्या, नीट जोडीने. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा साडेआठ वाजले होते.

काका दवाखान्यात आले. माझ्याकडे बघितलंही नाही. बाबांना म्हणाले, 'नाना, 20 वर्षं मी तुमच्याकडे विरजण मागायला येतोय हो.'

मला पक्षाघाताची लक्षणं माहीत नव्हती, हे खरं. माहीत असती तर बेल वाजवली असती? असती. बहुतेक. बाबा पुढे 4 वर्षं होते, उजव्या हाताने पुन्हा काही लिहिलं नाही.

मग अजून तोच शब्द का, असं विचाराल. थांबले ती मी, शब्दाने काय केलं? असं एरवी म्हणते. रात्री दीडला जाग आली की म्हणवत नाही.

काकांना मात्र तसदीबिसदी काही लिहीत नाही. साखर संपली तर रात्री अकरालाही त्यांची बेल वाजवते. कधी कधी डब्यात साखर असते.