बारा रात्रींचा बॅकअप

मार्चअखेरच्या तोंडावर सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायला गेलो होतो. आदल्या रात्रीचा बॅकअप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी अशा कामाला हात लावत नाही. तिथल्या ताई म्हणाल्या, "रोज रात्री नऊला आपोआप होतोय की सर. कधी तक्रार नाही." त्यांनी टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी विंडोजची सोय, उघडून दाखवला. शेवटच्या वेळचा निकाल शून्य, म्हणजे विंडोजच्या लेखी काम बिनचूक पार पडलेलं.

मग डी ड्राइव्हवरचं बॅकअपचं फोल्डर उघडलं. १५ दिवसांहून जुनी फाइल काढून टाकायची अशी सोय होती, म्हणजे तिथे १५ फाइली दिसायला हव्यात. होत्या चार. तीन रात्री नऊच्या, आणि सगळ्यांत नवी १२ दिवसांपूर्वीची, दुपारी १२:४० ची. नऊच्या कामाची फाइल भर दुपारी कशी तयार झाली, हे कोडं तिथेच डोक्यात बसलं.

पहिलं काम केलं ते म्हणजे टास्क बंद केला आणि त्या चार फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. मॅनेजर साहेबांना हे जरा अति वाटलं. "संगणक म्हणतोय झालंय, मग?" असं त्यांनी विचारलं. टास्क जी चालवतो ती बॅच फाइल, म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या हुकमांची यादी, नोटपॅडमध्ये उघडून त्यांच्याशेजारीच वाचायला बसलो.

अशा संस्थांमध्ये सगळा हिशेब साठवायला एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती असते. तिच्यात वेळापत्रकाने काम करणारा एजंट नसतो, म्हणून बॅकअपसाठी बॅच फाइल लिहायची आणि ती टास्क शेड्यूलरला जोडायची, हाच सर्रास मार्ग. इथली फाइल पाच पायऱ्यांची होती. डेटाबेसला हुकूम पोचवणाऱ्या एसक्यूएलसीएमडीला एक स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची फाइल, देऊन बॅकअप घ्यायचा. दुसऱ्या बॅच फाइलला बोलावून तो झिप करायचा. फोरफाइल्सने १५ दिवसांपूर्वीचं पुसायचं. रोबोकॉपीने ते फोल्डर नेटवर्कवरच्या स्टोरेजवर न्यायचं. आणि शेवटी एक्झिट शून्य, म्हणजे 'सगळं ठीक' असा निकाल देऊन संपवायचं. लिहिणारा जाणकार होता. दुसऱ्या बॅच फाइलच्या आधी त्याने न विसरता कॉल लावलेला होता. कॉल नसेल तर विंडोज त्या दुसऱ्या फाइलमध्ये जातं आणि परत येतच नाही, खालच्या ओळी तशाच राहतात. हे ठाऊक नसल्यामुळे अडलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत.

अडचण पहिल्याच ओळीत होती. एसक्यूएलच्या स्क्रिप्टचं नुसतं नाव होतं, पूर्ण पत्ता नव्हता. एक्सप्लोररमध्ये बॅच फाइलवर डबल क्लिक केलं की विंडोज त्या फाइलच्याच फोल्डरमध्ये उभं राहून काम करतं, त्यामुळे शेजारची स्क्रिप्ट सापडते. टास्क शेड्यूलर मात्र, काम कुठून सुरू करायचं तो रकाना रिकामा असेल, तर विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये उभा राहतो. तिथे ही स्क्रिप्ट नाही आणि झिप करणारी बॅच फाइलही नाही. दोन्ही ओळी फसल्या. पण बॅच फाइल एक ओळ फसली म्हणून थांबत नाही, पुढच्या ओळीवर जाते. पुसायच्या ओळीत डी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता होता, तेव्हा ती बरोबर चालली. दर रात्री नवं काही तयार होत नव्हतं आणि जुनं तेवढं नेमाने पुसलं जात होतं. शेवटच्या एक्झिट शून्यने या सगळ्यावर यशाचा शिक्का मारला होता. कोणी लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कची काळी खिडकीही दिसत नाही, त्यामुळे चुकांचे संदेश कुणाच्या नजरेला पडले नाहीत.

साहेब म्हणाले, "पण स्टोरेजवर दुसरी प्रत आहे ना?" तिथेही त्याच चार. रोबोकॉपीला मिर हा पर्याय लावलेला होता. मिर म्हणजे हुबेहूब प्रतिबिंब: मुळातून जे गेलं ते तिकडूनही जातं. आणखी चार रात्री गेल्या असत्या तर दोन्हीकडचा शेवटचा बॅकअप पुसला गेला असता. ठेवी, कर्जं, पिग्मीची खाती, सगळं एका चालू डिस्कच्या भरवशावर. त्या दिवशी मला खरोखर धडकी भरली होती, आणि ते ऐकल्यावर साहेबही खुर्चीत सरसावून बसले.

तरी तर्कावर थांबायचं नव्हतं. पुसायच्या आणि रोबोकॉपीच्या ओळींपुढे रेम लिहून त्या गप्प केल्या. ताईंना डबल क्लिक करायला सांगितलं. ताजी फाइल तयार झाली. "बघा की, चालतंय!" त्या म्हणाल्या. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला. तो सिस्टिम३२ मध्येच उघडतो. तिथून तीच फाइल पूर्ण पत्त्याने चालवली, आणि स्क्रिप्ट सापडत नसल्याचा संदेश सगळ्यांसमोर आला. दुपारच्या फाइलचा उलगडाही तिथेच झाला. बारा दिवसांपूर्वी संगणक बदलला होता, नव्यावर टास्क हाताने पुन्हा तयार केला, आणि डबल क्लिक करून चाचणी घेतली गेली. जुना संगणक अजून कपाटात होता. तो लावून पाहिला, तर तिथे तो रकाना भरलेला. रकान्याच्या नावापुढेच 'ऐच्छिक' असं लिहिलेलं असतं, मग तो कोण भरणार? विंडोजच्या त्या एका शब्दावर माझा राग आहे.

दुरुस्तीत रकाना भरला, अवतरणचिन्हांशिवाय, कारण तिथे ती चिन्हं चालत नाहीत, फोल्डरचं नाव अवैध म्हणून टास्क सुरूच होत नाही. पण पुढच्या वेळी संगणक बदलेल तेव्हा तो पुन्हा रिकामा राहू शकतो. म्हणून फाइलच्या सुरुवातीलाच सीडी स्लॅश डी, पुढे टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य असं लिहिलं, तेही अवतरणात. बॅच फाइल जिथे ठेवली आहे तो पत्ता यातून मिळतो, मग तिला कोणीही कुठूनही चालवो. एसक्यूएलसीएमडीला उणे बी जोडलं, नाहीतर एसक्यूएलमधली चूक एररलेव्हलमध्ये, म्हणजे ओळ फसली की नाही ते सांगणाऱ्या आकड्यात, उतरत नाही. नवी झिप जागेवर आहे का हे तपासूनच पुसायच्या ओळीपर्यंत जायचं. नसेल तर एक्झिट एक. मिर काढून टाकला. रोबोकॉपीची तपासणी आठपासून ठेवली, कारण तिच्याकडून एक हा निकाल आला तर फाइली नीट गेल्या असाच अर्थ होतो, आठ आणि वरचे आकडेच खऱ्या बिघाडाचे. सगळे संदेश, चुकांसकट, एका लॉग फाइलमध्ये जातील असं केलं.

नंतर एसक्यूएलच्या स्क्रिप्टचं नाव मुद्दाम बदलून टास्क चालवला. निकाल एक आला, जुन्या फाइली जागच्या जागी राहिल्या. नाव परत नीट केलं. दुपारचा ताजा बॅकअप कपाटातल्या जुन्या संगणकावर रिस्टोअर केला आणि साहेबांनी दोन्हीकडची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा, काढून ताळा घेतला. पैशापर्यंत जुळली. त्यानंतरच नव्या आवृत्तीला हात लावला.

निघताना साहेबांनी विचारलं, "आता हे लॉग रोज बघायचं कुणी?" ताई म्हणाल्या, "कॅश उघडायच्या आधी मी बघते. पण रविवारचं काय करायचं, ते सांगा." रविवारी रात्रीचा निकाल सोमवारी लॉगमध्ये कसा शोधायचा ते त्यांना दाखवलं, आणि त्यांनी ते रोजकीर्दीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.