गरोदरपणात व्हिटॅमिन सीची गोळी घ्यावी का? माझा अनुभव

चौथा महिना लागला आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्यातच सर्दी झाली, ती बरी व्हायचं नाव घेईना. हिरड्या, सर्दी आणि थकवा एकत्र आले की भोवतालच्या सगळ्यांना एकच औषध सुचतं. घरात पाण्यात विरघळणाऱ्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची नळी होतीच. नणंद म्हणाली, “वहिनी, घे की! सी व्हिटॅमिन जास्त झालं तरी लघवीवाटे निघून जातं.” ती खोटं सांगत नव्हती. पण पोटात बाळ असताना एवढ्या उत्तरावर माझं समाधान होईना. निघून जाण्याआधी ते शरीरात काय करतं, बाळापर्यंत किती पोचतं आणि मुळात मला ते कमी पडतंय का, हे समजल्याशिवाय नळी उघडायची नाही असं ठरवलं.

सुरुवात केली ती आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांपासून. गरोदरपणातली मल्टिव्हिटॅमिनची गोळी, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी अशी सगळी पाकिटं समोर ठेवली आणि मागचा बारीक मजकूर वाचला. व्हिटॅमिन सी प्रत्येक पाकिटावर त्याच नावाने लिहिलेलं नसतं. कुठे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, कुठे सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, तर कुठे कॅल्शियम अ‍ॅस्कॉर्बेट. ही सगळी त्याचीच रूपं. माझ्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते होतं आणि लोहाच्या गोळीतही होतं. दोन्हींची बेरीज केली तर दिवसाची गरज तिथेच भागत होती. ही बेरीज प्रत्येक गरोदर बाईने एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं, कारण प्रत्येक पाकीट आपल्यापुरतं बोलतं, शरीरात मात्र सगळं एकत्र जातं.

गरज म्हणजे नेमकी किती? अमेरिकेतल्या शिफारशीनुसार १९ वर्षांवरच्या गरोदर स्त्रीला दिवसाला ८५ मिलिग्रॅम पुरतं, ब्रिटनमध्ये हा आकडा ५० आहे. गरोदर नसताना लागतं त्यापेक्षा ही गरज थोडीशीच वाढलेली आहे. ती वाढते कारण आईच्या रक्तातला द्रवभाग वाढल्याने व्हिटॅमिन पातळ होतं आणि वार ते बाळाकडे ओढून घेते. मध्यम आकाराच्या एका संत्र्यातून साधारण ७० मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे रोजच्या जेवणात फळं-भाज्या असतील तर गोळीशिवायही बहुतेकींचं भागतं. दुसऱ्या टोकाला कमाल मर्यादा आहे २००० मिलिग्रॅमची, १८ वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी १८०० ची. ही मर्यादा मुख्यतः जुलाब आणि पोटाच्या तक्रारींवरून ठरवली आहे. आतड्यात न शोषलं गेलेलं व्हिटॅमिन पाणी ओढून घेतं, म्हणून पोट बिघडतं. शोषणाचंही गणित आहे: रोजच्या जेवणाइतक्या मात्रेतलं ७० ते ९० टक्के शोषलं जातं, १००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहूनही कमी.

हे सगळं कागदावर लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे नेलं. मी विचारलं, “मॅडम, ही १००० ची गोळी चालेल का?” त्यांनी आधी कागद पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, “एखाददुसरी घेतली तर घाबरायचं कारण नाही. पण रोज कशासाठी घेणार, ते सांगा.” तोवर मी ‘चालेल का’ आणि ‘हवी का’ हे एकच समजून विचारत होते. त्यांनी ते दोन प्रश्न वेगळे केले आणि पुढचं सगळं सोपं झालं.

मोठी मात्रा रोज घेतल्याने काही फायदा होतो का, यावर मोठे अभ्यास झालेले आहेत, आणि मला सगळ्यात जास्त धीर त्यांनीच दिला. एके काळी डॉक्टरांनाच आशा होती की व्हिटॅमिन सी आणि ई एकत्र दिलं तर प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई-बाळ दोघांना धोका होतो तो आजार, टाळता येईल. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत धोका जास्त असलेल्या २४०० च्या आसपास स्त्रियांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. आजार कमी झाला नाही, उलट गोळी घेणाऱ्या गटात कमी वजनाची बाळं थोडी जास्त आढळली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या चाचणीतही फायदा दिसला नाही. २०१० मध्ये अमेरिकेत पहिलटकरणींवर, दहा हजारांहून अधिक जणींवर, तोच प्रयोग झाला आणि उत्तर पुन्हा तेच आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणूनच आई आणि बाळाची प्रकृती सुधारावी यासाठी सी आणि ई च्या जादा गोळ्या देऊ नयेत असं म्हटलं आहे. त्या हजारो बायकांनी स्वतःच्या गरोदरपणात या चाचण्यांत भाग घेतला, म्हणून मला आज उत्तर मिळालं. त्यांच्याविषयी मला फार कृतज्ञता वाटते.

एक गोष्ट मात्र इथे नीट समजून घ्यायला हवी. या चाचण्यांत सी एकटं नव्हतं, ई सोबत होतं, त्यामुळे कमी वजनाचं खापर एकट्या सी वर फोडता येत नाही. मल्टिव्हिटॅमिनमधलं थोडं सी बाळाला अपाय करतं, असाही त्यांचा अर्थ होत नाही. निष्कर्ष एवढाच, की गरजेच्या दसपट घेऊन पदरात काही पडत नाही. ज्या गोळीचा फायदा नाही, तिचा लहानसा त्रासही मी का सोसावा?

हिरड्यांसाठी दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी सांगितलं की गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे हिरड्या हळव्या होतात आणि दातांवर साचलेल्या थरामुळे सुजतात. व्हिटॅमिन सी च्या कमतरतेनेही रक्त येतं हे खरं, पण नीट खाणाऱ्या, मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्या बाईत ते कारण असण्याची शक्यता फार कमी. दात साफ करून घेतले, मऊ ब्रश घेतला आणि रक्त येणं बरंच कमी झालं. सर्दीचं म्हणाल तर रोज नेमाने व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर आटोपते, पण सर्दी झाल्यावर गोळी सुरू करून उपयोग होत नाही. माझी वाफ घेऊन आणि विश्रांतीनेच गेली.

लोहाच्या गोळीबरोबर सी घेतलं की लोह चांगलं शोषलं जातं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते बरोबर आहे, वनस्पतींतून मिळणाऱ्या लोहाच्या बाबतीत तर विशेष. पण त्याला थोडंसं पुरतं. शिवाय २०२० मध्ये चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तक्षय असलेल्या प्रौढांवरचा, गरोदर स्त्रियांवरचा नव्हे. त्यात नुसती लोहाची गोळी घेणाऱ्यांचं आणि सोबत सी घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच वाढलं. मॅडमनी मला लोहाच्या गोळीसोबत चहा-कॉफी आणि कॅल्शियम टाळायला सांगितलं. माझ्यासाठी तो बदल जास्त कामाचा ठरला.

आता जे कोणीच सांगत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. गरोदरपणात दर तपासणीला लघवीत पट्टी बुडवून साखर आणि प्रथिनं पाहतात, संसर्गाची शंका आली तर नायट्राइट (लघवीतल्या जंतूंमुळे तयार होणारं रसायन) आणि रक्तही. व्हिटॅमिन सी जास्त घेतलं की खरंच लघवीत उतरतं आणि या पट्टीवरच्या रसायनांच्या आड येतं. साखर, रक्त किंवा नायट्राइट असूनही पट्टी ‘नाही’ म्हणू शकते. ‘निघून जातं’ असं आपण ज्याला सहज म्हणतो, ते असं तपासणीत जाऊन बसतं. घरी साखर मोजायच्या काही यंत्रांवरही फार मोठ्या मात्रेचा परिणाम होतो, म्हणून गरोदरपणातला मधुमेह असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. आणि विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं, ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी पाकीट वाचताना तिकडेही पाहावं.

मॅडमनी मला आणखीही प्रश्न विचारले: पूर्वी मुतखडा झाला होता का, घरात कुणाला जी-६-पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता आहे का, शरीरात लोह साठण्याचा आजार आहे का? सी चा काही भाग ऑक्सलेट होऊन लघवीवाटे बाहेर पडतो आणि बरेचसे खडे या ऑक्सलेटचेच बनतात, म्हणून मुतखड्याची भीती. बाकी दोन्हींत मोठी मात्रा घातक ठरू शकते. धूम्रपान करणाऱ्यांची गरज मात्र जास्त असते, दिवसाला ३५ मिलिग्रॅमने. सिगारेट सोडता न आलेल्या गरोदर स्त्रियांना रोज ५०० मिलिग्रॅम दिल्यावर त्यांच्या बाळांची फुप्फुसं जन्मानंतर अधिक चांगली काम करत होती, असं २०१४ मध्ये अमेरिकेत दिसलं. सिगारेट सोडणं हाच पहिला उपाय, हे त्या संशोधकांनीही म्हटलं आहे. पण मोठी मात्राही कुणासाठी तरी विचारपूर्वक दिली जाते, हे मला त्यातून कळलं.

मी मल्टिव्हिटॅमिन आणि लोहाची गोळी चालू ठेवली, १००० ची नळी घेतली नाही. बाळंतपणानंतर अंगावर पाजताना गरज आणखी वाढते, अमेरिकेतल्या शिफारशीत १२० मिलिग्रॅमपर्यंत. तेव्हा पुन्हा पाकिटांची बेरीज केली आणि मॅडमना दाखवली. त्यांनी तीच मल्टिव्हिटॅमिन पुढे चालू ठेवायला सांगितली.