तुम्ही विचारलंत म्हणून: डीएमएलटी-बीएमएलटीच्या वर्षांत काय शिकून घ्यायचं?

बारावी सायन्सनंतर डीएमएलटी किंवा बीएमएलटीला, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या पदविकेला किंवा पदवीला, प्रवेश घेतलेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे पालक, एक प्रश्न हमखास विचारतात: "कॉलेजात मोठं ऑटोअ‍ॅनलायझर नाही, मग नोकरी कशी लागणार?"

ऑटोअ‍ॅनलायझरची काळजी सोडा, म्हणजे रक्त आपोआप तपासणाऱ्या मशीनची. ते नोकरीच्या ठिकाणी शिकवतात, मॉडेल बदललं की पुन्हा शिकवतात. शीर शोधायला, बल्ब (रक्ताच्या नळ्या) क्रमाने भरायला, स्लाइडवर रक्त ओढायला मात्र तिथे कोणाला वेळ नसतो. लॅबच्या चुकांतला मोठा वाटा सॅम्पल मशीनमध्ये जाण्याआधीच घडलेला असतो, आणि बिघडलेल्या सॅम्पलचाही आकडा मशीन तितक्याच ठामपणे छापतं. म्हणून कॉलेज निवडताना मशीनच्या आधी पोस्टिंगची, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाची, चौकशी करा: कोणत्या हॉस्पिटलात, किती महिने, आणि तिथे विद्यार्थ्याला सुई हातात मिळते की नुसत्या नोंदी लिहायला बसवतात? २०२१च्या केंद्रीय कायद्याने अलाइड हेल्थच्या (लॅब टेक्निशियनसारख्या, डॉक्टरांना साथ देणाऱ्या पेशांच्या) पदविका-पदवीला किमान २००० तासांचं शिक्षण ठरवून दिलं आहे. त्यातले पेशंटजवळचे तास किती, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पोस्टिंगला गेलात की पहिली सवय नावाची. "तुम्ही पवार ना?" असं विचारलंत, तर ऐकू कमी येणारे आजोबा कशालाही "हो" म्हणतात. "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा" असं विचारा आणि फॉर्मशी ताडून पाहा. लेबल रक्त काढल्यावर लगेच, खाटेशेजारीच लावा. आधीच लेबलं लावून ठेवलेले बल्ब ट्रेमध्ये अदलाबदल होतात आणि खिशात टाकलेला विनालेबलचा बल्ब कोणाचा, हे दहा मिनिटांनी कोणीच शपथेवर सांगू शकत नाही.

रक्त काढताना हाताला बांधायचा पट्टा टोचायच्या जागेच्या तीन-चार इंच वर, आणि एक मिनिटाहून जास्त नाही. पेशंटला मूठ सारखी उघडझाप करायला लावू नका, पोटॅशियम उगाच वाढतं. स्पिरिट लावल्यावर अर्धा मिनिट सुकू द्या. ओल्या कातडीत सुई घातली की पेशंटला चरचरतं आणि लाल पेशी फुटून सॅम्पल हिमोलाइज होतं. सिरिंजने काढलंत तर बल्बमध्ये सोडताना सुई काढून टाका आणि रक्त कडेने हळू उतरू द्या. पिस्टन जोरात दाबणं हे हिमोलाइज्ड सॅम्पलचं नेहमीचं कारण आहे.

आता बल्बचा क्रम, टोपणाच्या रंगावरून: निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, जांभळा, शेवटी करडा. पाठ करून भागत नाही, कारण कळायला हवं. समजा, चालत-बोलत आलेल्या माणसाचा रिपोर्ट निघाला: पोटॅशियम ९, कॅल्शियम ३. असे आकडे खरे असते तर तो माणूस समोर उभाच राहिला नसता. बहुधा घडलेलं असतं ते असं, की जांभळा बल्ब आधी भरला, मग पिवळ्यात रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलंच थोडं ओतलं. जांभळ्यात रक्त गोठू न देणारं पोटॅशियमचं इडीटीए असतं: पोटॅशियम त्यातून मिसळतं आणि कॅल्शियम इडीटीए पकडून ठेवतं. निळ्या बल्बात रक्त नऊ भाग, गोठणं थांबवणारं सायट्रेट एक भाग, म्हणजे २.७ मिली रक्ताला ०.३ मिली. रक्त कमी भरलं की पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा लांबतो, आणि त्या आकड्यावर कोणाच्या तरी रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस ठरतो. प्लेन बल्बातल्या रक्ताची साखर पेशी खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, उन्हाळ्यात आणखी भरभर. करड्या बल्बातलं फ्लोराइड ते थांबवण्यासाठी असतं. पिवळा बल्ब अर्धा तास गोठू न देता सेंट्रिफ्यूजला लावलात तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि मशीनचा प्रोब चोंदतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या स्मिअरला, म्हणजे स्लाइडवर ओढलेल्या रक्ताच्या पातळ थराला. थेंब लहान, दोन-तीन मिलिमीटरचा. दुसरी स्लाइड ३० ते ४५ अंशांत टेकवा, थेंब कडेने पसरू द्या आणि न थांबता एका ओढीत पुढे न्या. स्लाइडचा दोन-तृतीयांश भाग व्यापणारी, टोकाला पिसासारखी विरळ होणारी जीभ उमटली पाहिजे. मध्येच हात अडखळला की पट्टे उठतात. अ‍ॅनिमियाचं रक्त पातळ असतं, तिथे कोन थोडा वाढवा. घट्ट रक्ताला कमी करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, स्मिअर लवकर सुकत नाही आणि पेशींचा आकार बिघडतो, म्हणून ओढल्याबरोबर हवेत हलवून वाळवा. लिशमन स्टेन (पेशी रंगवायचं द्रावण) दोन मिनिटं, मग त्यावर दुप्पट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६.८, आणि आठ-दहा मिनिटं थांबा. बफरऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी घातलं तर सगळं निळसर दिसतं. मलेरियाचा जाड स्मिअर मिथेनॉलने फिक्स करायचा नसतो, आणि ऑइल इमर्शनखाली (स्लाइडवर तेल घालून पाहायच्या भिंगाखाली) किमान १०० फील्ड, म्हणजे भिंगातून दिसणारे वेगवेगळे भाग, पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नसतं. रोज पाच स्मिअर काढा, फसलेल्याही जपून ठेवा आणि का फसली ते वहीत लिहा.

गणित म्हणाल तर सरासरी, एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) आणि डायल्यूशन (द्रावण पातळ करणं) एवढं पक्कं हवं. ५ टक्के हायपोक्लोराइटचं (जंतुनाशकाचं) १ टक्का करायला एक भाग द्रावण, चार भाग पाणी. आणि हे द्रावण रोज ताजं. कंट्रोलचा, म्हणजे आधीच आकडा माहीत असलेल्या सॅम्पलचा, आकडा सरासरीपासून ३ एसडीच्या बाहेर गेला की पेशंटचे रिपोर्ट थांबवायचे. कंट्रोल पुन्हा पुन्हा लावून तो आत येण्याची वाट पाहायची नाही, कारण शोधायचं.

शेवटी तुमच्या जिवाचं. सुईला पुन्हा टोपण लावू नका. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका आणि लगेच सांगा: एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हेपेटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी असते, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासायची असते. पोस्टिंगच्या तारखेपासून मागे मोजलंत तर पहिला डोस प्रवेशाच्या महिन्यातच घ्यावा लागतो.