आमची वाटचाल : दोन खोल्या आणि एक फ्रीज

२०११ साली नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन मी दवाखाना सुरू केला, तेव्हा पाटीवर फक्त ‘त्वचारोगतज्ज्ञ’ एवढंच होतं. नायटा, मुरुम, कोड, केसगळती. नवरा बँकेतून सुटला की संध्याकाळी केसपेपर काढायला बसायचा. कपाळावरच्या आठ्यांसाठी कुणी पैसे मोजून सुया टोचून घेईल, असं तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

आठ्यांच्या इंजेक्शनची पहिली व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, मागवली २०१३ मध्ये, शंभर युनिटची. उजेडात धरली तर आत काहीच नाही! तळाशी पांढरट धुरकट थर, दिसला तर दिसला. नवऱ्याने एकदा बिलाकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, आणि म्हणाला, “रिकामी आलीय, परत पाठव.”

तो थर म्हणजेच बोट्युलिनम टॉक्सिन, लोकांच्या तोंडी बोटॉक्स. नसेकडून स्नायूला येणारा निरोप ते अडवतं. स्नायू आवळला जात नाही, म्हणून आठी पडत नाही. तीन-चार दिवसांत फरक दिसायला लागतो, पंधरा दिवसांत पूर्ण परिणाम येतो आणि तीन-चार महिन्यांनी कपाळ पुन्हा जुन्या सवयीवर जातं.

आम्ही घेतलेली व्हायल २ ते ८ अंशांतच ठेवायची होती. आमच्याकडे तेव्हा फ्रीज एकच. त्यात पाण्याच्या बाटल्या, मावशींचा डबा आणि कोपऱ्यात ही महाराणी. मे महिन्यात एकदा दुपारभर लाइट गेली. आतलं औषध बिघडलं की नाही, हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. मी ती व्हायल टाकून दिली. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी नवरा इन्व्हर्टर, छोटा वेगळा फ्रीज आणि थर्मामीटर घेऊन आला. तेव्हापासून मावशी सकाळ-संध्याकाळ वहीत तापमान लिहितात.

आता जे लिहिते आहे ते सांगायला अजूनही जड जातं. २०१४ मध्ये एक शिक्षिका आल्या. मुलीचा साखरपुडा बारा दिवसांवर आलेला. मी हो म्हटलं. सहाव्या दिवशी फोन आला : “डॉक्टर, डावा डोळा अर्धाच उघडतोय.” औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत उतरलं होतं. भुवईखालच्या हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर टोचायचं, हे मला पाठ होतं. डाव्या बाजूला माझी सुई खाली गेली होती. थेंब दिले, पण पापणी पूर्ण वर यायला सहा आठवडे लागले. चूक माझी आहे असं त्यांना स्पष्ट सांगितलं, पैसे परत केले. त्या अजूनही येतात, कोंड्यासाठी. आठ्यांचा विषय काढत नाहीत.

तेव्हापासून घरात कार्य असेल तर महिनाभर आधी या, नाहीतर नंतर. टोचण्याआधी फोटो, संमतीपत्र, मग आठ्या घालायला लावून पेन्सिलीने खुणा. आमच्याकडच्या औषधाला दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच ठिकाणी चार-चार, म्हणजे वीस युनिट लागतात. दुसऱ्या कंपनीचं युनिट वेगळं असतं, आकडा तसाच उचलून चालत नाही.

या धंद्यातली खरी मेख सलाइनमध्ये आहे, म्हणजे तो कोरडा थर ज्यात विरघळवून टोचतात त्या मिठाच्या पाण्यात. पन्नास युनिटच्या व्हायलमध्ये १.२५ मिली घातलं की ०.१ मिलीत चार युनिट येतात. कुणी दुप्पट पाणी घातलं तर बघणाऱ्याला काय कळणार? म्हणून व्हायल पेशंटच्या डोळ्यांसमोर फोडायची आणि बॅच नंबरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवायचं. एका व्यक्तीला एक व्हायल, उरलेलं फेकायचं. आमचा दर महाग वाटतो तो यामुळे, आणि मी तो कमी करणार नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सरळ नाही म्हणते. एक गृहस्थ आले होते, “संध्याकाळी पापण्या जड होतात, जरा वर करून द्या.” त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे धाडलं, मायस्थेनिया ग्रॅव्हिस निघाला, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत मुळातच नीट न पोचण्याचा आजार. अशा माणसाला हे इंजेक्शन म्हणजे आगीत तेल. (केसांच्या बोटॉक्सचा भाव विचारणारेही रोज दोन फोन येतात. त्यात हे टॉक्सिन नसतंच, तुमच्या पार्लरवाल्या ताईंनाच विचारा.)

गेल्या उन्हाळ्यात एक माणूस अर्ध्या किमतीच्या व्हायल घेऊन आला. बिल नाही, बर्फ नाही, साध्या कॅरीबॅगमध्ये. मी आत पेशंटबरोबर होते. मावशींनी फ्रीजमधला थर्मामीटर काढून त्याच्या पिशवीत घातला, पाच मिनिटं थांबल्या, वहीत ‘३४’ लिहिलं आणि त्याला दारातूनच वाटेला लावलं.