१३बी रोटरी: दुपारचं मिसिंग सापडलं

आमच्या विमानाला माझदाचं १३बी रोटरी इंजिन आहे, पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणारं. जमिनीवर चाचणी घेताना सकाळी ते ५००० आरपीएमला एकसुरात चालतं. रिडक्शन गिअर २.१७ चा, म्हणजे पंखा (प्रोपेलर) २३०० च्या आसपास. चाकांना ठोकळे, शेपटी साखळीने बांधलेली. तेच इंजिन दुपारी ४५०० च्या वर गेलं की मिसिंग मारायचं, म्हणजे मधेच ठोके चुकवायचं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. शेजारच्या यंत्रमागांपुढे कानाला काही धड कळत नाही, त्यामुळे भरवसा ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) लॉगवर.

मिसिंगच्या क्षणी लॅम्ब्डा (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा) लीनकडे, म्हणजे हवा जास्त-पेट्रोल कमी या बाजूला पळत होता. तेवढ्यावरून पेट्रोल कमी पडतंय असं म्हणता येत नाही. ठिणगी चुकली तरी न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि सेन्सर लीनच दाखवतो. म्हणून आधी इग्निशन. प्रत्येक रोटरला लीडिंग आणि ट्रेलिंग असे दोन प्लग. ट्रेलिंग बंद केलं की आरपीएम किंचित उतरतो, लीडिंग बंद केलं की जास्त, आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. हे सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. कॉइलांची अदलाबदल करूनही फरक नाही. मग कॉम्प्रेशन गेजचा व्हॉल्व्ह काढून स्टार्टरवर फिरवलं. दोन्ही रोटरांच्या तिन्ही बाजूंचे ठोके सारखे आले आणि जीव भांड्यात पडला. लीन चालून डेटोनेशन (मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट) झालं तर पहिला बळी एपेक्स सीलचा, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांचा, म्हणून दुपारचं फुल थ्रॉटल तोवर बंदच होतं.

जुन्या फियाट-ॲम्बेसेडरवर हात बसलेले आमचे फिटर मामा हे सगळं शांतपणे बघत होते. म्हणाले, "सर, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाका की ओ." टाकलं. मिसिंग गायब. फडकं वाळलं, परत सुरू.

इंधनाच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, दाबाचा गेज लावला. ४० पीएसआयला स्थिर राहायला हवा तो काटा थरथरत खाली येत होता. पंप फायरवॉलवर (इंजिनमागच्या पत्र्यावर), टाकीच्या पातळीपेक्षा वर होता. पेट्रोल वर ओढताना सक्शनच्या पाइपात दाब घटतो, तापलेलं पेट्रोल तिथेच उकळतं आणि पंपाच्या हाती नुसती वाफ लागते. भरीला रेलमधून परतणारं गरम पेट्रोल छोट्या हेडर टाकीत यायचं, म्हणजे दर फेरीला आणखी गरम. त्यात ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या मिश्रणात ७० अंशांच्या आत उडून जाणारा भाग वाढतो. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलच्या नावाने बोटं मोडणं बरं दिसत नाही, पण वस्तुस्थिती ती आहे.

आता पंप टाकीच्या तळाखाली आहे. सक्शनचा पाइप आखूड आणि जाड, पंपाआधी जाड जाळीची गाळणी, बारीक फिल्टर पंपानंतर. परतीची लाइन थेट मुख्य टाकीत. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पाइपाला उष्णतारोधक बाही. ई२० ला चालणारे होज आधीपासूनच आहेत. भर दुपारी चालवलं, काटा ४० वरून हलला नाही. मामांचं फडकं आता हात पुसायला.

पुढचं काम तेलाच्या तापमानाचं. रोटरीत कूलिंगने काढायच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेलातून बाहेर काढावा लागतो. जमिनीवर कूलरला पंख्याचाच काय तो वारा, त्यामुळे काटा ९५ अंशांकडे सरकायला लागला की मी थ्रॉटल मागे ओढतो. कूलरकडे हवा नेणाऱ्या डक्टचं तोंड मोठं करायच्या आधी कूलरच्या मागचा दाब मोजणार आहे. हवा आत येतेय, पण काउलिंगमधून (इंजिनवरच्या आवरणातून) बाहेर पडायला तिला वाट कमी पडतेय असा संशय आहे.