सहावीला चार्टर की बेस स्कूल? तुम्ही विचारलंत म्हणून

नाताळची सुट्टी संपली की हा प्रश्न येतोच. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, नाहीतर सरळ फोनवर. "ताई, लेक पाचवीत आहे. चार्टरचा फॉर्म भरू, की सहावीला आपली बेस स्कूलच बरी?" आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, राजधानी रॉलीच्या शेजारच्या कॅरी गावात राहतो. इथे वेक काउंटीत सहावी ते आठवी म्हणजे मिडल स्कूल. शाळा नवी, इमारत नवी, निम्मीअधिक मुलंही नवी. पाचवीतलं मूल असलेल्या घरात त्या हिवाळ्यात दुसरा विषय नसतो. माझी मोठी मुलगी चार्टरमध्ये शिकली आणि धाकटा मुलगा बेस स्कूलमध्ये, तेव्हा हिला दोन्हीकडचं ठाऊक असणार, म्हणून लोक मला विचारतात.

माझं उत्तर आधीच सांगते. घराच्या पत्त्यावरून मिळालेली बेस स्कूल धरून चाला. चार्टरला जायचंच तर आपल्या मुलासाठी तिथे नेमकं काय आहे, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "चांगली आहे म्हणतात" एवढ्यावर जाऊ नका.

नव्याने आलेल्या पुष्कळांना चार्टर म्हणजे खाजगी शाळा वाटते. तसं नाही. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. पैसा सरकारचा, कारभार मात्र शाळेच्या स्वतंत्र मंडळाचा. आपल्याकडच्या अनुदानित शाळा आठवल्या तर पटकन समजेल: चालवणार संस्था, पगार देणार सरकार. फरक इतका की तिकडे अनुदान शिक्षकांच्या मंजूर पदांवर मिळतं, इथे ते मुलामागे येतं. मूल ज्या शाळेत गेलं, त्याच्या वाट्याची रक्कम त्या शाळेकडे. अमेरिकेतला चार्टरचा पहिला कायदा मिनेसोटाने 1991 साली केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा 1996 चा. सुरुवातीला राज्यभरात 100 शाळांचीच मर्यादा होती. ती 2011 मध्ये उठली आणि आता आकडा 200 च्या वर आहे. चार्टरला हद्द नसते, राज्यातलं कुठलंही मूल अर्ज करू शकतं. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की लॉटरी काढतात, आणि भावंड आधीपासून शाळेत असेल तर सहसा त्याचा नंबर आधी लागतो.

मिळायला कठीण ते चांगलंच असणार, हे आपण पुण्या-मुंबईच्या ॲडमिशनमधून शिकून आलेलो असतो. तिथे कटऑफ मार्कांवर ठरतो, निदान काहीतरी मोजलेलं असतं. इथे वेटलिस्ट लांब आहे याचा अर्थ फक्त एवढाच की पुष्कळांनी फॉर्म भरला. फॉर्मला पैसे पडत नाहीत, त्यामुळे एकेक घर चार-पाच शाळांना भरतं. त्या लांब यादीवरून वर्गात काय शिकवतात ते कळत नाही.

तशीच फसगत श्रेणीची होते. राज्य सगळ्या सरकारी शाळांना ए ते एफ अशी श्रेणी देतं, त्यात चार्टरही आल्या. या श्रेणीत 80 टक्के भार परीक्षांमधल्या निकालाचा आणि फक्त 20 टक्के मुलांच्या प्रगतीचा. ज्या वस्तीतले आईवडील रिसर्च ट्रँगल पार्कात नोकरीला आहेत आणि संध्याकाळी शेजारी बसून अभ्यास घेतात, तिथली मुलं सहावीत येतानाच पुढे असतात. शाळेला ए मिळणारच. त्या शाळेने वर्षभरात त्यांच्यात काय भर घातली, हे प्रगतीच्या रकान्यात दिसतं. अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी, अपेक्षेपेक्षा कमी असा तिथे शेरा असतो. मी आधी तोच रकाना बघते, आणि एका वर्षाचा नाही, लागोपाठच्या वर्षांचा बघते. श्रेणी बी, पण दरवर्षी अपेक्षेपेक्षा जास्त प्रगती, अशी शाळा मला ए असूनही प्रगतीत कमी पडणाऱ्या शाळेपेक्षा केव्हाही भरवशाची वाटते. हे सगळं राज्याच्या स्कूल रिपोर्ट कार्डमध्ये फुकट बघायला मिळतं. घर घेताना एजंटने दाखवलेल्या आकड्यावर थांबू नका.

आता चार्टरला कायद्याने दिलेली मोकळीक समजून घ्या, कारण निर्णय खरा तिथे होतो. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे काउंटी चालवते त्या बेस स्कूलसारख्या शाळांना सुट्ट्यांचं वेळापत्रक राज्याच्या चौकटीत बसवावं लागतं, चार्टर स्वतःचं ठरवते. तिच्या निम्म्या शिक्षकांकडे परवाना असला तरी चालतं. दुपारचं जेवण पुरवण्याची सक्ती नाही. मुलांना आणण्याची काहीतरी योजना असावी लागते, पण पिवळी बस दारात आलीच पाहिजे असं नाही. हुशार मुलांसाठीचा एआयजी आराखडा प्रत्येक डिस्ट्रिक्टला करावा लागतो, चार्टरवर ते बंधन नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. मुलाला आयईपी असेल, म्हणजे शिकण्यात विशेष मदतीची गरज असेल, तर ती देण्याची जबाबदारी चार्टरवरही तितकीच आहे. "आमच्याकडे तशी सोय नाही" असं कुणी तोंडी सांगितलं तर ऐकून परत फिरू नका, लेखी मागा.

बसचं म्हटलं की लोक म्हणतात, "आम्ही सोडू की." सोडणं म्हणजे काय, ते एकदा शाळा सुटताना जाऊन बघा. सुटायच्या अर्धा तास आधीच गाड्यांची रांग कोपरा ओलांडून मोठ्या रस्त्यावर आलेली असते. प्रत्येक गाडीच्या आरशाला जाड कागदावर छापलेला मोठा आकडा लटकलेला. पुढे हिरवट-पिवळं जाकीट घातलेल्या एक बाई वॉकीटॉकीवर आकडे सांगत चालतात, आत त्या आकड्यांच्या मुलांना पुकारतात, चार-पाच गाड्या भरतात, निघतात, पुढच्या सरकतात. मागे कुणी लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवून मीटिंग उरकत असतं, कुणाचं धाकटं कारसीटमध्ये रडत असतं. हे रोज, सकाळी आणि दुपारी, तीन वर्षं. घरात गाडी एकच असेल, किंवा दोघांच्याही नोकरीच्या वेळा कडक असतील, तर ही रांग तुमच्या घराचं वेळापत्रक ठरवणार. कारपूलला दुसरं कुटुंब मिळालं तर भार निम्मा होतो, म्हणून फॉर्म भरण्याआधीच आपल्या भागातलं कोण त्या शाळेत जातं ते शोधा.

त्रास फक्त आईवडिलांचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला याच काळात आपलं आपण कुठेतरी जावंसं वाटायला लागतं. शाळा सुटल्यावर थांबावं, मित्राकडे डोकवावं, भांडावं, परत बोलावं. चार्टरमधली जिवाभावाची मैत्रीण काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, वेक फॉरेस्टला राहत असेल तर प्रत्येक भेटीला दोन आयांची कॅलेंडरं जुळावी लागतात. बेस स्कूलचे मित्र सायकलच्या अंतरावर असतात. माझ्या धाकट्याने सहावीत बँडसाठी ट्रॉम्बोन घेतला. सकाळी ती लांबलचक पेटी सावरत तो बस स्टॉपवर जायचा आणि तिथे आमच्याच गल्लीतला आठवीतला मुलगा पेटीचं दुसरं टोक धरून ती बसमध्ये चढवायचा. सांगितलं कुणी नव्हतं. पुढे स्वतः आठवीत गेल्यावर धाकटा एका सहावीतल्या मुलीचा चेलो असाच चढवायला लागला. मोठ्या शाळेचा हा लाभ माहितीपत्रकात छापलेला नसतो. हजाराच्या आसपास मुलं असतात म्हणूनच तिथे बँड, ऑर्केस्ट्रा, नाटक आणि खेळांचे संघ निघू शकतात. लहान चार्टरमध्ये यातलं एखादंच असतं.

मग मोठीला चार्टरमध्ये का घातलं? कारण आमचं ते एक वाक्य तयार होतं: ती वर्गात बोलत नव्हती. घरी अखंड बडबड, शाळेत तोंड मिटलेलं. तासागणिक वर्ग बदलणाऱ्या गर्दीत तिचं न बोलणं कुणाच्या लक्षातही आलं नसतं अशी आम्हाला धास्ती होती. जी चार्टर आम्ही पाहिली तिथे एका इयत्तेत मुलं थोडी, आणि सहावीपासून आठवीपर्यंत एकच शिक्षिका त्या मुलांच्या गटाची पालक म्हणून राहायची. दर शुक्रवारी प्रत्येकाने आठवड्यात वाचलेल्या कशाबद्दल तरी उभं राहून सांगायचं. सुरुवातीला ही कागद तोंडासमोर धरून वाचायची. बाईंनी कागद काढून घेतला नाही, फक्त हळूहळू तिला अर्ध्या कागदावर, मग चार मुद्द्यांवर आणलं. आठवीत ती प्रश्न विचारणाऱ्यांना उलट प्रश्न करायची. त्यासाठी गाडीच्या रांगेत घालवलेला वेळ मला पूर्ण वसूल झाला असं वाटतं. धाकट्याला हीच शाळा अपुरी पडली असती.

गणिताचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या लोकांचा दुसरा प्रश्न तोच असतो. डिस्ट्रिक्टच्या शाळांसाठी राज्याचा कायदा आहे. राज्याच्या गणिताच्या परीक्षेत सर्वांत वरची पातळी गाठलेल्या मिडल स्कूलच्या मुलाला पुढच्या वर्षी वरच्या गणिताच्या वर्गात बसवायचं, आणि नको असेल तर पालकांनी तसं लिहून द्यायचं. आठवीत, काही जण त्याआधीच, हायस्कूलचं मॅथ 1 करतात. म्हणजे बेस स्कूलमध्ये गणित मागे पडतं ही समजूत काढून टाका. काही चार्टर याहून वेगाने नेतात. तिथे जाऊन विचारायचं ते असं: जो मुलगा या वेगात मागे पडतो, त्याचं तुम्ही काय करता? उत्तरात एखाद्या शिक्षकाचं नाव, वार आणि वेळ आली तर शाळेने विचार केलेला आहे. "तशी वेळ येत नाही" असं म्हणाले तर मुलं सोडून जात असणार, असं मी धरते.

ओपन हाऊसच्या दिवशी सगळ्या शाळा छान दिसतात, म्हणून साध्या दिवशी वेळ मागून जा आणि मुलाला बरोबर न्या. गेल्या वर्षीचे किती शिक्षक यंदा टिकले, हे विचारा. चार्टर असेल तर तिचा परवाना कधीपर्यंतचा आहे तेही विचारा. तो जास्तीत जास्त 10 वर्षांचा असतो, मग नूतनीकरण, आणि चार्टर बंद पडल्याची उदाहरणं या राज्यात आहेत. मंडळाच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. एकीला जाऊन बसा, पैशांची चणचण आहे का ते तासाभरात कळतं. शाळा आठवीला संपते की बारावीपर्यंत जाते, हेही बघा. बारावीपर्यंत जात असेल तर सहावीला मिळालेली जागा पुढेही चालते आणि हे चार्टरच्या बाजूचं भक्कम कारण आहे. आठवीला संपणारी असेल तर नववीत मूल त्याच बेस हायस्कूलला येणार, जिथे बाकीच्यांची तीन वर्षांची ओळख आधीच झालेली असेल. घरात दुसरं मूल इयर-राउंड शाळेत असेल, 45 दिवस शाळा आणि 15 दिवस सुट्टी अशा ट्रॅकवर, तर दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा. सुट्ट्या जुळल्या नाहीत तर भारतात जायची तिकिटं काढताना दरवर्षी ओढाताण होते.

शेवटी लॉटरीबद्दल. नंबर लागला की उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात आणि त्या आनंदात लोक विचार न करता होकार कळवतात. म्हणून हो की नाही ते निकालाआधीच ठरवून ठेवा. चार्टरची जागा एकदा सोडली की ती वेटलिस्टवरच्या मुलाला जाते, पुन्हा हवी तर पुन्हा लॉटरी. बेस स्कूल पत्त्याला बांधलेली आहे, तिथे वर्षाच्या मध्येही परत येता येतं. मात्र वेक काउंटीत काही भरलेल्या शाळांवर कॅप असतो आणि नव्या पत्त्यांना दुसरी शाळा देतात. तुम्ही नुकतंच घर घेतलं असेल तर आपली बेस स्कूल त्या यादीत आहे का, हे आजच डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून विचारा. असेल, तर मला परत फोन करा, कारण मग गणित बदलतं.