आमची वाटचाल: खिळ्यांपासून मथळ्यांच्या टूलपर्यंत

२००९ साली सांगलीच्या गणपती पेठेत, किराणा मालाच्या ठोक दुकानावरच्या एका खोलीत आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि दादा. दादा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. पायाने चालवायच्या छापयंत्रावर, म्हणजे ट्रेडल प्रेसवर, जुळारी म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. जुळाऱ्याचं काम म्हणजे शिशाचे अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे. प्रेस बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे खिळे जुळवायची एक पितळी कंपोझिंग स्टिक आणि ऱ्हस्व-दीर्घाची नजर उरली होती. माझ्याकडे एक कॉम्प्युटर, डिझाइनसाठी कोरल आणि मराठी टायपिंगसाठी श्री-लिपी. लग्नपत्रिका, हँडबिलं, फ्लेक्स, पेपरातल्या जाहिराती. मजकूर दादांचा, मांडणी माझी.

आज आम्ही मराठी मथळे तपासायचं स्वतःचं ऑनलाइन टूल वापरतो, जिल्ह्यातले बरेच दुकानदारही वापरतात. त्याचा जन्म एका तोट्यातून झाला, तो सांगितलाच पाहिजे.

२०१३ची दिवाळी. एका साडीच्या दुकानासाठी नऊ हजार नंबरांवर मराठी एसएमएस पाठवायचे होते. मी एका एसएमएसचा दर धरून कोटेशन दिलं. पाठवल्यावर खात्यातून अठरा हजार मेसेज वजा झाले. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि ७०च्या पुढे एक जरी गेलं तरी दुसऱ्या एसएमएसचे पैसे लागतात, हे मला ठाऊकच नव्हतं. फरक मी खिशातून भरला.

त्या रात्री दादा खुर्ची ओढून शेजारी बसले. ‘दिवाळीसाठी’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “ही पाच अक्षरं. मशीन किती म्हणतंय?” एक्सेलमध्ये अक्षरं मोजणारा ‘लेन’चा फॉर्म्युला टाकला. उत्तर आलं दहा. दादा जराही चकित झाले नाहीत. “बरोबर आहे. द वेगळा, वेलांटी वेगळी. व वेगळा, काना वेगळा. हे खिळेच मोजतंय.” मला जे समजायला अख्खी रात्र गेली असती, ते खिळे जुळवणाऱ्या माणसाला एका नजरेत समजलं. ‘क्षेत्र’ हा शब्द लिहून बघा. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, मशीन सात मोजतं.

तेव्हापासून प्रत्येक मथळा एक्सेलच्या शीटमध्ये जाऊ लागला. एका रकान्यात मथळा, पुढे त्याचे खिळे, त्यापुढे कुठे वापरला आणि किती फोन आले. श्री-लिपीतला जुना मजकूर तिथे चालत नव्हता, कारण फॉन्ट काढला की खाली नुसता कचरा दिसतो. दादांनी जुन्या वह्यांतले मथळे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतील असे, पुन्हा टाइप केले. रोज दुपारी जेवल्यावर एक तास. सगळे मिळून दोन हजार सहाशे.

मधली वर्षं बरी गेली. खालचा गाळा घेतला, दोन मुलं कामाला ठेवली, गूगल आणि फेसबुकच्या जाहिराती शिकलो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात गाळ्यात छातीएवढं पाणी आलं, मशिनं गेली, बिलबुकं गेली. शीट ऑनलाइन ड्राइव्हवर होतं म्हणून वाचलं. त्यातून आम्ही दोन महिन्यांत उभे राहिलो. २०२३ साली मात्र पाण्याचा एक थेंब आत आला नाही, आणि आम्ही बुडत होतो.

नोव्हेंबर २०२२च्या शेवटी, सांगू ते लिहून देणारं चॅटजीपीटी आलं. जानेवारीपासून गिऱ्हाइकं विचारू लागली, “आता फुकटात मिळतंय ना सगळं?” त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आमच्याकडे अडीच वर्षं काम केलेला एक मुलगा, ज्याला दादांनी अनुस्वार कुठे द्यायचा इथपासून शिकवलं, मार्चमध्ये सोडून गेला. पंधरा दिवसांत त्याने पलीकडच्या गल्लीत ऑफिस थाटलं. महिन्याला साडेतीन हजारांत तीस पोस्ट. आमचा दर नऊ हजार होता, पोस्ट बारा. महिन्याच्या अकरा गिऱ्हाइकांपैकी सात त्याच्याकडे गेली.

दराचं एक वेळ सोडून देऊ. धंद्यात कोणीतरी स्वस्त देणारच. पण त्याच्या पहिल्याच महिन्याच्या पोस्टमध्ये दादांचे मथळे होते. शब्द न् शब्द. शीटची कॉपी घेऊन गेला होता, पाहायची परवानगी मीच दिली होती. दादांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “यात ‘स्वयंपाक’चा अनुस्वार चुकवलाय.” तीन वर्षं होतील, ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

शीटमधले मथळे वापरून संपल्यावर त्याने मशीनकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. इंग्रजीत विचारायचं, खाली ‘मराठीत दे’ लिहायचं. मग चपलांच्या दुकानापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांचे मथळे एकाच आईची लेकरं वाटावीत असे येऊ लागले. ‘आपला अनुभव उंचावा.’ ‘शुद्धतेचा प्रवास आजच सुरू करा.’ सांगलीत कोण असं बोलतं? एका मसालेवाल्याच्या पोस्टवर तर ‘मधुमेहावर रामबाण’ असं छापून आलं. १९५४चा औषधे व जादूचे उपाय जाहिरात कायदा आहे, त्यातल्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे. एका ओळखीच्या वकिलांनी फोन केल्यावर त्या माणसाने रात्री अकरा वाजता पोस्ट उतरवली. पुढच्या महिन्यात तो आमच्याकडे परत आला. मी दर कमी केला नाही.

त्या वर्षभरात जी जागची हलली नाहीत, त्यांत सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे हळदवाले काका. २००९मधलं आमचं पहिलं बिल त्यांचंच, पाचशे हँडबिलांचं. त्यांनाही तीस पोस्टची ऑफर गेली होती. काकांनी माझ्यासमोर त्या मुलाला फोनवर सांगितलं, “पोरा, तीस दिवस मी हळदीबद्दल बोललो तर लोक हळद खायची सोडतील.”

गूगलच्या जाहिरातीत मथळ्याला ३० खिळे मिळतात. असे १५ मथळे देता येतात, गूगल त्यातले फिरवून फिरवून एका वेळी जास्तीत जास्त तीन दाखवतं. काकांसाठी मी लिहिलं होतं ‘अस्सल सांगली राजापुरी हळद पावडर’. ३१. एका खिळ्याने अडलं. दादा म्हणाले, “अस्सल आणि पावडर दोन्ही काढा. हळद अस्सल आहे असं सगळेच म्हणतात. मिळते कुठे ते सांगा.” ‘सांगलीची राजापुरी हळद घरपोच’. २७. अजून चालू आहे.

पण काकांचा खरा मथळा काउंटरवर मिळाला. मी दुकानात बसलो होतो. एक आजी आल्या, चिमूटभर हळद तळहातावर चोळली आणि सुनेला म्हणाल्या, “ही घे. दोन दिवस हात पिवळा राहतो हिनं.” मी तिथेच पावतीच्या मागे लिहून घेतलं. फेसबुकवर दोन जाहिराती लावल्या, फोटो तोच, पैसे सारखेच. एकीवर मशीनचं ‘प्रत्येक चिमटीत शुद्धतेचं वचन’, दुसरीवर आजींचं वाक्य. तिसऱ्या दिवशी काकांनी पहिली बंद करायला लावली, कारण फोन सगळे दुसरीवरून येत होते आणि घेणारा मुलगा एकटाच होता.

म्हणून नव्या दुकानदारांना सांगतो. मशीन वापरा, आम्हीही रोज वापरतो. पण ‘मराठीत दहा मथळे दे’ एवढंच सांगून सोडू नका. आधी चार दिवस काउंटरवर बसा, गिऱ्हाइकं जे बोलतात ते जसंच्या तसं लिहा, ती वीस वाक्यं मशीनला द्या आणि मग मागा. आलेलं मोठ्याने वाचा. तोंडात अडखळलं की टाका. लोक काय शोधतात ते गूगल ट्रेंड्सवर बघा, पण तिथला शून्य ते शंभरचा आकडा म्हणजे शोधणाऱ्यांची संख्या नाही, तुलना असते. इंग्रजीची मथळे तपासणारी टूल्स मराठीला गुण देतात त्याकडे बघूसुद्धा नका. आणि कामाची निम्मी रक्कम आधी घ्या. याचा मथळ्याशी संबंध नाही, तरी घ्या.

२०२३च्या दिवाळीनंतर दादांच्या पुतण्याने शीटचं वेब पेज करून दिलं. मथळा टाकला की खिळे मोजून मिळतात. गूगलला बसतो का, एसएमएस एक जातोय की दोन, तेही दिसतं. ‘उंचावा’, ‘अनलॉक’, ‘प्रवास’ असे साठेक शब्द आले की लाल रेघ येते. ती यादी दादांची. रोगाचं नाव आलं तर पान अडून बसतं, पुढे जाऊच देत नाही. आणि सगळ्यात वर एक चौकट आहे, ‘हे वाक्य कोणाच्या तोंडचं?’ ती रिकामी ठेवली तर बटण चालत नाही. पुतण्या म्हणत होता की लोक कंटाळतील, ती काढूया. मी आणि दादा दोघंही अडून बसलो.

गिऱ्हाइकं आता चौदा आहेत. दादांचे डोळे अधू झालेत, तरी दुपारी येतात, मी चौकटीतलं वाचून दाखवतो. काल एका गिरणीवाल्याने भरलं होतं, ‘शेजारच्या शाळेतल्या बाई, दळण घ्यायला आल्या तेव्हा’. खाली वाक्य होतं, ‘भाकरी थापताना तुटत नाही’. दादांनी बोटांवर मोजलं. मशीनच्या आधी सांगितलं, तेवीस.